स्टूलमधली एससीएफए, म्हणजे छोट्या साखळीची मेदाम्लं, कशावर मोजायची? बडोद्यातल्या संशोधकांसाठी चार पद्धतींची तुलना

बडोद्यात एचपीएलसी मशीनना (द्रावातली द्रव्यं कॉलम नावाच्या नळीतून वेगळी करून मोजणाऱ्या) तोटा नाही. 1907 साली अलेंबिक इथे सुरू झाली तेव्हापासून औषधनिर्मिती या शहराच्या अंगात भिनलेली आहे. आज मकरपुऱ्यापासून नंदेसरीपर्यंत जिथे गोळ्या किंवा बल्क ड्रग बनतात, तिथे गुणवत्ता तपासणीच्या खोलीत एचपीएलसी असतेच. सयाजीराव विद्यापीठातल्या विभागांतही ती असते. त्यामुळे आहारशास्त्रात किंवा जैवरसायनशास्त्रात पीएचडीला लागलेली मुलं आणि त्यांचे गाइड एकच प्रश्न घेऊन येतात: "मशीन आहे, कॉलम आहे, चालवणारा ओळखीचा आहे. मग स्टूल सँपलमधली एससीएफए त्याच्यावरच मोजून टाकू का?"

माझं उत्तर आधीच देते. बहुतेकांनी एचपीएलसीच वापरावी, पण कपाटात पडलेल्या सी-18 (18 कार्बनच्या साखळ्या लावलेल्या, नेहमीच्या) कॉलमवर नाही, ऑरगॅनिक अ‍ॅसिडच्या कॉलमवर. काही ठरावीक प्रश्नांसाठी मात्र एचपीएलसीचा हट्ट सोडून सरळ जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, गाठावी. एलसी-एमएस/एमएसची, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र जोडलेल्या एलसीची, स्टूलसाठी गरज फार थोड्यांना असते. आणि या तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी सँपल डब्यात पडल्यापासून उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये जाईपर्यंत जे घडतं, ते कुठल्याही मशीनला नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्यावर शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

एससीएफए म्हणजे शॉर्ट चेन फॅटी अ‍ॅसिड्स. ज्वारीचा कोंडा, डाळींची सालं, गवार, शिळ्या भातातला न पचणारा स्टार्च, असं जे लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ही आम्लं तयार होतात. अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मुख्य तीन, ढोबळमानाने 60:20:20 या प्रमाणात. त्यांच्या जोडीला थोडं व्हॅलरेट असतं, आणि प्रथिनं आंबल्यावर येणारी फांदीवाली दोन असतात: आयसोब्युटिरेट आणि आयसोव्हॅलरेट.

मोजायचं किती आहे, ते आधी पाहा

जॉन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अकस्मात मृत्यू झालेल्या व्यक्तींच्या आतड्यांतल्या द्रव्यात ही आम्लं थेट मोजली. लहान आतड्याच्या शेवटी किलोमागे सुमारे 13 मिलिमोल, सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) 131 आणि उतरत्या मोठ्या आतड्यात 80. स्टूल म्हणजे त्याच वाटेचा शेवट, त्यामुळे तिथेही पातळी किलोमागे काही दशक मिलिमोल अशीच असते.

याचा हिशेब करून पाहा. समजा एक ग्रॅम स्टूलमध्ये 40 मायक्रोमोल अ‍ॅसिटेट आहे आणि प्रोपिओनेट, ब्युटिरेट प्रत्येकी 10. त्यात पाच मिलि पाणी घालून घुसळलं, स्टूलमधलं स्वतःचं पाणी मिळवलं, तर वरच्या द्रावात अ‍ॅसिटेट सातेक मिलिमोलर येतं आणि बाकीची दोन पावणेदोन मिलिमोलरच्या आसपास. साधा यूव्ही डिटेक्टर, म्हणजे शोषलेला अतिनील प्रकाश मोजणारा, हे आरामात पाहतो. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात प्रोपिओनेट-ब्युटिरेट काही मायक्रोमोलरच असतात, म्हणजे शेकडो पटींनी कमी. इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच पद्धतींचा सगळा आटापिटा त्या रक्तासाठी असतो. तो स्टूलवर लादायचं कारण नाही.

ऑरगॅनिक अ‍ॅसिड कॉलम आणि यूव्ही: माझी पहिली पसंती

यातला सगळ्यांच्या ओळखीचा कॉलम म्हणजे बायो-रॅडचा अमिनेक्स एचपीएक्स-87एच. 300 मिमी लांब, 7.8 मिमी व्यासाचा, आत सल्फोनेट गट लावलेलं पॉलिस्टायरीन-डायव्हिनाइलबेन्झीन रेझिन. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्राव) म्हणजे 5 मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, बस्स. एक लिटर पाण्यात 0.27 मिलि संहत आम्ल. प्रवाह मिनिटाला 0.6 मिलि, ओव्हन 50 ते 65 अंश, डिटेक्टर 210 नॅनोमीटरवर. अ‍ॅसिटोनायट्राइल लागत नाही, ग्रेडियंट (वाहत्या द्रावातलं प्रमाण मध्येच बदलणं) नाही, बफर गाळायची कटकट नाही. चोवीस तास चालवलं तरी एक लिटरही मोबाइल फेज संपत नाही.

हा कॉलम आम्लं वेगळी कशी करतो, हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. रेझिनवरचे सल्फोनेट गट ऋणभारित असतात. जे आम्ल पाण्यात सहज विघटित होतं त्याचा आयनही ऋणभारित, म्हणून रेझिनच्या छिद्रांत त्याला मज्जाव होतो आणि ते लवकर बाहेर पडतं. दुर्बल आम्ल विघटित न होता आत शिरतं आणि रेंगाळतं. शिवाय कार्बनची साखळी लांब झाली की ती रेझिनला चिकटतेही. त्यामुळे क्रम असा लागतो: सक्सिनेट, लॅक्टेट, फॉर्मेट, मग अ‍ॅसिटेट साधारण 15 मिनिटांना, प्रोपिओनेट 17-18 ला आणि ब्युटिरेट 20 ते 22 च्या दरम्यान.

त्या क्रमातली पहिली तीन नावं फुकटात मिळतात, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई तिथेच आहे. लॅक्टेट आणि सक्सिनेट ही आंबवण्याच्या वाटेवरची मधली आम्लं. एक जिवाणू लॅक्टेट बनवतो, दुसरा ते खाऊन ब्युटिरेट बनवतो. ब्युटिरेट कमी आणि लॅक्टेट जास्त दिसलं तर गोष्ट एक असते, दोन्ही कमी दिसली तर वेगळी. जीसीवर ही दोन आम्लं डेरिव्हेटायझेशनशिवाय (आधी रासायनिक गट जोडल्याशिवाय) दिसतच नाहीत. आंबवलेले पदार्थ, दूध पिणारी बाळं किंवा अँटिबायोटिकनंतरचं आतडं हा तुमचा विषय असेल, तर हा एक मुद्दाच निर्णयाला पुरतो.

आता उणिवा, आणि त्या खऱ्या आहेत. कार्बॉक्सिल गट यूव्ही फारच कमी शोषतो. अ‍ॅसिटिक आम्लाचा कमाल शोषणबिंदू 204 नॅनोमीटर आणि मोलर शोषणांक अवघा 41. स्टूलमध्ये मात्र 210 ला शोषणारी इतर शेकडो द्रव्यं असतात, त्यामुळे तुमची तीन पीकं (आलेखावरची टोकं) गर्दीत उभी असतात. त्यातही सुगंधी वलयाची आम्लं, फिनाइलअ‍ॅसिटेटसारखी, पॉलिस्टायरीनला घट्ट धरून बसतात आणि तुमचं रन (एका सँपलची फेरी) संपल्यावर, पुढच्या सँपलमध्ये, रुंद उंचवट्यासारखी वर येतात. प्रोपिओनेटच्या खाली बेसलाइन (आलेखाची तळरेघ) अचानक फुगलेली दिसली आणि तेच सँपल पुन्हा मारल्यावर फुगवटा नाहीसा झाला किंवा सरकला, तर तो आधीच्या माणसाचा आहे असं समजा. उपाय एकच: सुरुवातीला दोन-तीन सँपल तासभर चालू ठेवा, शेवटचं पीक कधी येतं ते पाहा आणि रनची लांबी त्यावरून ठरवा.

दुसरी उणीव वेळेची. एक रन 35 मिनिटांचं धरलं आणि शंभर सँपल दोन-दोनदा मारायची असतील तर 7,000 मिनिटं होतात, म्हणजे जवळपास पाच दिवस मशीन अखंड तुमच्याच ताब्यात हवं. स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं) आणि ब्लँक (सँपलशिवायची कोरी इंजेक्शनं) वेगळे. विद्यापीठाच्या सामाईक मशीनवर पाच दिवस सलग मिळवणं ही वाटाघाटीची गोष्ट आहे, ती प्रोटोकॉल लिहितानाच करून टाका.

यूव्हीऐवजी आरआय (द्रावाचा अपवर्तनांक पाहणारा) डिटेक्टर जोडून देऊ असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. आरआयला साखर, अल्कोहोल सगळं दिसतं, आणि या कॉलमवर इथेनॉल ब्युटिरेटच्या अगदी शेजारी येतं. यूव्हीला इथेनॉल दिसत नाही. शिवाय आरआय तापमानाला फार हळवा. मे महिन्यात एसी बंद-चालू होत राहिला की बेसलाइन त्याच तालावर वर-खाली होते.

तोच एचपीएलसी, पण सी-18 वर

हातात आहे ते वापरावं, कोंड्याचा मांडा करावा, हा विचार चुकीचा नाही. सी-18 वर एससीएफए मोजली जातात आणि काही ठिकाणी चांगली मोजली जातात. पण अटी समजून घ्या.

तिन्ही आम्लांचा पीकेए (ज्या पीएचला आम्ल निम्मं विघटित होतं तो आकडा) 4.8 च्या जवळपास आहे: अ‍ॅसिटिक 4.76, ब्युटिरिक 4.82, प्रोपिओनिक 4.87. सी-18 वर ती थांबायला हवी असतील तर विघटित होऊ देता कामा नये, म्हणून मोबाइल फेज दोन एककं खाली, पीएच 2.5 च्या आसपास हवी. 20 मिलिमोलर फॉस्फेट बफर आणि अगदी थोडं अ‍ॅसिटोनायट्राइल, असा साधारण नुस्खा. मिथेनॉल नको, कारण 205 नॅनोमीटरच्या खाली ते स्वतःच शोषू लागतं आणि 210 ला बेसलाइन अस्वस्थ होते. इतक्या पाणचट मोबाइल फेजमध्ये साधा सी-18 कॉलम "कोरडा पडतो": पाणी छिद्रांतून बाहेर ढकललं जातं आणि रिटेन्शन टाइम (पीक बाहेर यायला लागणारा वेळ) रोज थोडा थोडा कमी होतो. त्यासाठी शंभर टक्के पाण्याला चालणारा, ध्रुवीय एंडकॅपिंगचा सी-18 लागतो. फार्मा लॅबच्या कपाटातला कॉलम तसा असेलच असं नाही, खोक्यावर वाचून घ्या.

इतकं जमवल्यावर ब्युटिरेट आणि त्यापुढची आम्लं सी-18 वर छान, टोकदार येतात. अडचण अ‍ॅसिटेटची. ते जेमतेम थांबतं आणि लॅक्टेट, फॉर्मेट व पाण्यात विरघळणाऱ्या सगळ्या गणंगांच्या घोळक्यात बाहेर पडतं. "आमच्याकडे पीडीए आहे, पीक प्युरिटी बघू" असं म्हणून इथे भागत नाही. पीडीए म्हणजे सगळ्या तरंगलांब्या एकदम पाहणारा डिटेक्टर, पीक एकाच द्रव्याचं आहे का ते तो स्पेक्ट्रमवरून ठरवतो. 210 च्या खाली सगळ्याच कार्बॉक्सिलिक आम्लांचे स्पेक्ट्रम एकसारखे, बिनचेहऱ्याचे असतात. दोन आम्लं एकाच पीकखाली असली तरी पीडीए बिनधास्त "शुद्ध" म्हणतो. अ‍ॅसिटेट हा एससीएफएचा साठ टक्के भाग आहे. तोच डळमळीत असेल तर "टोटल एससीएफए" हा आकडा मी प्रबंधात छापणार नाही.

सी-18 वरच राहायचं असेल तर एक मधला मार्ग आहे आणि तो मला आवडतो: 2-नायट्रोफेनिलहायड्रॅझीनने आम्लांना रंगाचा गट जोडायचा आणि 400 नॅनोमीटरवर, दृश्य प्रकाशात पाहायचं. तिथे स्टूलमधली बहुतेक द्रव्यं अदृश्य होतात, आणि जोडलेला गट मोठा असल्यामुळे अ‍ॅसिटेटही नीट थांबतं. किंमत एवढीच की कार्बोडायइमाइड आणि पिरिडीन घेऊन प्रत्येक सँपलची रासायनिक क्रिया करावी लागते. पिरिडीनचा वास आणि विषारीपणा पाहता फ्यूम हूड चालू असेल तरच या वाटेला जा. आणि स्टँडर्ड व ब्लँकही त्याच दिवशी, त्याच क्रियेतून गेले पाहिजेत.

या कॉलमचा प्रश्न वेगळा, पण सामाईक मशीनवर दोन्ही एचपीएलसी पद्धतींना लागू असलेली एक गोष्ट इथेच सांगते. तुमच्या आधीच्या वापरकर्त्याने अमोनियम अ‍ॅसिटेटचा बफर चालवला असेल, आणि फार्मात तो रोजचा आहे, तर नळ्यांत, पंपात आणि सुई धुण्याच्या बाटलीत अ‍ॅसिटेट शिल्लक असतं. पहिली काही ब्लँक इंजेक्शनं अ‍ॅसिटेटच्या जागी सपाट येईपर्यंत सँपल लावू नका.

जीसी-एफआयडी: एचपीएलसी कधी सोडावी

ही आम्लं बाष्पशील आहेत. अ‍ॅसिटिक 118 अंशांना उकळतं, ब्युटिरिक 163 च्या जरा वर. म्हणजे जीसी हे त्यांचं माहेर. एफआयडी हा तिचा डिटेक्टर, बाहेर पडणारं द्रव्य ज्वालेत जाळून मोजणारा. मोकळ्या आम्लांसाठी बनलेल्या एफएफएपी जातीच्या कॉलमवर, आम्ल घातलेला पाण्याचा अर्क किंवा ईथरचा अर्क मारला की दोन ते सहा कार्बनची सगळी आम्लं, फांदीवाल्यांसकट, सुटी सुटी येतात. 2-एथिलब्युटिरिक आम्ल हा सुरेख इंटरनल स्टँडर्ड (प्रत्येक सँपलमध्ये ठरावीक प्रमाणात घालायचं तुलनेचं द्रव्य) मिळतो, जो माणसाच्या स्टूलमध्ये एरवी नसतो. एचपीएलसी-यूव्हीवर इतका बिनघोर इंटरनल स्टँडर्ड सापडणं अवघड जातं. स्टूलमधले पित्तक्षार, रंगद्रव्यं वगैरे मंडळी कॉलमपर्यंत पोचतच नाहीत, लायनरमध्येच (सँपल शिरतं तिथल्या काचेच्या नळीत) अडकतात. रनही निम्म्या वेळात संपतं.

म्हणून तुमचा प्रश्न प्रथिनांच्या आंबण्याचा असेल, म्हणजे डाळ-दूध वाढवल्यावर आयसोब्युटिरेट आणि आयसोव्हॅलरेट वाढतात का असा, तर जीसीच घ्या. सँपल शेकड्यांनी असतील तरीही जीसी.

बडोद्यात याची अडचण वेगळीच येते. फार्मा लॅबमध्ये जीसी असते, पण ती रेसिड्युअल सॉल्व्हंटसाठी (औषधात उरलेल्या द्रावकांसाठी) हेडस्पेस, म्हणजे सँपलवरची वाफ मारायची सोय, लावून, 624 जातीच्या कॉलमवर बसवलेली. मोकळी आम्लं त्या कॉलमवर शेपूट सोडतात. एफएफएपी कॉलम तुम्हाला आणावा लागेल, आणि मुख्य म्हणजे तो बदलून बसवायला मशीनच्या मालकाची तयारी लागेल. लायनर लवकर घाण होतो. जास्त सांद्र सँपलनंतर कोऱ्या इंजेक्शनमध्ये भुतासारखी छोटी पीकं येतात, म्हणून मध्ये मध्ये ब्लँक हवेतच. ईथरबद्दल इथल्या उन्हाळ्यासाठी खास सांगायचं तर डायएथिल ईथर 34.6 अंशांना उकळतं. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत पिपेटमधून ते आपोआप गळतं, मोजमाप बिघडतं आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. अर्क काढायचं काम हिवाळ्यात ठेवा, किंवा 55 अंशांना उकळणारं एमटीबीई वापरा.

एलसी-एमएस/एमएस

3-नायट्रोफेनिलहायड्रॅझीन जोडून, ऋण आयन मोडमध्ये, अ‍ॅसिटेट 194, प्रोपिओनेट 208, ब्युटिरेट 222 या वस्तुमानांवर पकडायची ही पद्धत 2015 पासून चांगली रुळली आहे. ड्यूटेरियम किंवा कार्बन-13 वाले स्टँडर्ड घातले की अचूकता वाखाणण्याजोगी. रक्त, लाळ, उंदराच्या पिल्लाची लेंडी, बालकाच्या लंगोटातून खरवडलेले मिलिग्रॅम, अशा सँपलसाठी दुसरा पर्याय शोधूच नका. मोठ्या माणसाच्या स्टूलसाठी मात्र नाकापेक्षा मोती जड. आधी सँपल शेकडो पटींनी पातळ करायचं आणि मग अतिसंवेदनशील मशीनवर मोजायचं, यात पातळ करण्यातली चूकच मोठी होऊन बसते. त्याच अभ्यासात रक्तही तपासणार असाल तर दोन्ही एकाच पद्धतीने करण्यात अर्थ आहे, एरवी नाही.

कॉलमपर्यंत पोचण्याआधी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. स्टूल बाहेर पडल्यावरही जिवाणू जिवंत असतात आणि काम चालूच ठेवतात. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणजे स्कूटरच्या डिकीतला डबा हा आतड्याच्या तापमानाचा इनक्युबेटरच. दोन तास तसे गेले तर तुम्ही त्या माणसाचं आतडं मोजत नाही, डिकी मोजता.

म्हणून घरच्या फ्रीजचा विषय स्पष्टपणे बोलावा लागतो. दांडिया बाजारातल्या एका घरी सासूबाईंनी डबा हातात घेऊन विचारलं, "ताई, हे दह्याच्या शेजारी ठेवायचं? आमच्याकडे देवाचं नैवेद्याचं दूधही यातच असतं हो." हा प्रश्न रास्त आहे, आणि अशा घरात डबा मुकाट्याने गॅलरीत ठेवला जातो, वर कोणी सांगतही नाही. त्यामुळे फ्रीजवर भिस्त ठेवू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेली छोटी थर्माकोलची पेटी आदल्या संध्याकाळी घरी पोचवा, सकाळी फोन आला की माणूस पाठवा, आणि डब्यावर वेळ त्यांच्याच हाताने लिहून घ्या. उशिरा आलेलं सँपल फेकायचं की ठेवायचं, याची मर्यादा पहिलं सँपल येण्याआधी ठरलेली असू द्या. संमतिपत्र आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्याच्याही आधी.

लॅबमध्ये आल्यावर सगळं स्टूल एकजीव करा, मगच वाटे करा. एका टोकाचं आणि दुसऱ्या टोकाचं सारखं नसतं. वाटे छोटे करा म्हणजे एक वाटा एकदाच वितळेल. डीएनएसाठी जे रसायन भरलेले डबे मिळतात त्यात आम्लं मोजू नका, त्यासाठी कोरडा, वेगळा वाटा गोठवा. फ्रीझ-ड्राय करून मग आम्लं मोजायचा मोह आवरा, बाष्पशील आम्लं पाण्याबरोबर निघून जातात. कोरडं वजन हवं असेल तर वेगळा चिमूटभर भाग 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा.

अर्क काढताना प्रथिनं खाली बसवायला सल्फोसॅलिसिलिक किंवा ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल वापरायची सवय बऱ्याच लॅबना असते. यूव्हीवर मोजणार असाल तर दोन्ही नकोत, ती स्वतःच 210 ला जोरात शोषतात. थंड पाणी किंवा पातळ सल्फ्युरिक आम्ल, चार अंशांना सेंट्रिफ्यूज, मग 0.22 मायक्रॉनचं फिल्टर. फिल्टर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं नसावं, त्यातून अ‍ॅसिटेट सुटू शकतं. नायलॉन किंवा पीव्हीडीएफ घ्या. शेजारच्या टेबलावर टीएई बफरमध्ये डीएनएचं जेल चालू असेल किंवा अ‍ॅसिटिक आम्लात जेलचा रंग धुतला जात असेल, तर तुमच्या व्हायलची जागा बदला. टीएईमधला ए हा अ‍ॅसिटेटचाच आहे. आम्ल घातल्यावर एससीएफए उडायला मोकळी होतात, म्हणून व्हायल लगेच बंद करा आणि ऑटोसँपलर चार अंशांवर ठेवा.

स्टँडर्ड बनवताना सोडियम अ‍ॅसिटेटच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. निर्जल क्षाराचं रेणुभार 82.03, तीन पाणीवाल्याचं 136.08. तीन पाणीवाला घेऊन निर्जलाचा हिशेब केला तर स्टँडर्ड प्रत्यक्षात लिहिलेल्याच्या साठ टक्केच बनतो, आणि तुमच्या प्रत्येक सँपलमधलं अ‍ॅसिटेट पावणेदोन पटींच्या जवळ जाऊन बसतं. कर्व्ह मात्र सरळ रेषेत सुंदर दिसतो. तो सुंदर कर्व्ह कोणाला काही सांगत नाही, म्हणून तयार मिळणारं बाष्पशील आम्लांचं मिश्रण एकदा तरी शेजारी चालवून पाहा.

आकडा आल्यावर तो कशाचा आहे

मोठ्या आतड्यात बनलेल्या एससीएफएपैकी सुमारे 95 टक्के तिथेच शोषली जातात. स्टूलमध्ये उरतं ते बनणं आणि शोषलं जाणं यांतली बाकी. म्हणून "जास्त म्हणजे चांगलं" असं सरळ वाचता येत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुर्किना फासोच्या खेड्यातल्या, भरपूर तंतू खाणाऱ्या मुलांच्या स्टूलमध्ये फ्लॉरेन्सच्या मुलांपेक्षा एससीएफए बरीच जास्त आढळली. त्याच सुमारास लठ्ठ प्रौढांच्या स्टूलमध्येही ती सडपातळ लोकांपेक्षा जास्त आढळली. दोन्ही निरीक्षणं खरी असू शकतात, कारण पहिल्यात बनणं वाढलेलं असेल आणि दुसऱ्यात शोषण कमी झालेलं असेल.

तंतूंच्या प्रयोगात आणखी एक फट आहे. बाजरीच्या रोटल्याने आणि इसबगोलने स्टूलचा आकार आणि पाणी दोन्ही वाढतं. मग ग्रॅममागे ब्युटिरेट जैसे थे किंवा कमीही दिसतं, पण दिवसभरात एकूण बाहेर पडलेलं ब्युटिरेट वाढलेलं असतं. एकाच चमच्याइतकं सँपल घेऊन हे कधीच कळणार नाही. निदान 48 तासांचं सगळं स्टूल तोलता आलं तर उत्तम, नाही तर स्टूलच्या घट्ट-पातळपणाच्या ब्रिस्टल स्केलवरचा एक ते सात यांपैकी प्रकार नोंदवा आणि ओल्या व कोरड्या, दोन्ही वजनांवर आकडे द्या.

मग कोणी काय घ्यावं

बडोद्यातला नेहमीचा प्रसंग असा: चाळीस-पन्नास स्वयंसेवक, आहारात बदल, आधी आणि नंतर असे दोन वाटे, हाताशी एक यूव्हीवाली एचपीएलसी. या माणसाने ऑरगॅनिक अ‍ॅसिड कॉलम आणि त्याचा गार्ड (पुढे लावायचा छोटा संरक्षक कॉलम) विकत घ्यावा. कॉलम महाग आहे, पण गार्ड वेळेवर बदललं तर तो दुसऱ्या विद्यार्थ्यालाही पुरतो, आणि मोबाइल फेजवर पुढे जवळपास काही खर्च होत नाही. ज्यांच्याकडे आधीच एफएफएपी लावलेली जीसी चालू स्थितीत आहे आणि लॅक्टेटची गरज नाही, त्यांनी एचपीएलसीकडे वळूही नये.

बाहेरच्या लॅबला पैसे देऊन करून घेणार असाल तर कच्चं स्टूल पाठवू नका. औषधांची लॅब ते दारातच अडवेल, आणि तिचं बरोबरच आहे. गाळलेला, आम्लीय केलेला अर्क कोरड्या बर्फात पाठवा. त्यात एकाच अर्काच्या दोन व्हायल दोन वेगळ्या कोडने घाला, आणि तिसरीत माहीत असलेलं ब्युटिरेट मिसळून पाठवा. निकाल आल्यावर पहिल्या दोन व्हायलचे आकडे जुळतात का आणि तिसरीतली भर 90 ते 110 टक्के परत मिळते का, ते तपासा. फक्त एक्सेलची शीट घेऊ नका, प्रत्येक सँपलचा क्रोमॅटोग्राम (पीकांचा आलेख) मागा आणि अ‍ॅसिटेटच्या पायाशी इंटिग्रेशनची (पीकाचं क्षेत्रफळ मोजायची) रेघ कुठून कुठे ओढली आहे ते स्वतः पाहा. ती रेघ प्रत्येक सँपलमध्ये वेगळ्या जागेवरून ओढलेली दिसली तर रक्कम देण्याआधी सगळी सँपल एकाच नियमाने पुन्हा इंटिग्रेट करून मागा. त्यासाठी नवं इंजेक्शन लागत नाही, जुनी फाइल पुरते.